तीन पाळ्यांचे एक नाव

गणराजने अहवाल टेबलावर ठेवला तेव्हा त्याची नजर हातातल्या मोबाइलवर, येणाऱ्या कॅबच्या वेळेवर होती.

"मॅडम, सही तेवढी राहिलीये. शुक्रवारी क्लायंटला द्यायचाय."

"वाचते आणि करते."

"टाइमलाइन तुम्हीच काढलीत ना? मग वाचायचं काय त्यात?"

"टाइमलाइन मी काढली. शेवटचं पान मी लिहिलेलं नाही."

हिंजवडीतल्या त्या सायबर सुरक्षा कंपनीत दीपमाला सरवदे हिला पाच महिने झाले होते. सहावा महिना संपला की तिला कायम करायचे की नाही, हे ठरणार होते. तिचे वय बेचाळीस आणि तिचा टीम लीडर गणराज एकोणतीस वर्षांचा. इथे येण्याआधी सतरा वर्षे ती विमा कंपन्यांसाठी वाहन-अपघातांच्या दाव्यांचा तपास करत असे. एका दाव्यात मृत दुचाकीस्वार दारू प्यायला होता असे लिहून द्यावे, असे तिला सांगण्यात आले. त्याला पुरावा नव्हता. तिने लिहिले नाही, आणि त्यानंतर तिच्याकडे प्रकरणे येणे बंद झाले. तेव्हा तिने चिंचवडच्या एका संस्थेत आठ महिन्यांचा अभ्यासक्रम केला. वर्गातली मुले तिला सरळ 'काकू' म्हणत. इथली मुले तोंडावर 'मॅडम' आणि पाठीमागे 'पंचनामा काकू' म्हणतात, हे तिला ठाऊक होते आणि ते नाव तिला फारसे खटकतही नव्हते.

शेवटच्या पानावर 'मूळ कारण' या मथळ्याखाली एकच वाक्य होते. 'कंत्राटी देखभाल कर्मचारी रमीज मुलाणी याने आपले लॉगिन व पासवर्ड बाहेरील व्यक्तीस उपलब्ध करून दिले.'

प्रकरण महाळुंग्यातल्या एका कारखान्याचे होते. तिथे क्लचचे भाग बनत. सहा ऑक्टोबरला सकाळी कारखान्यातल्या सगळ्या संगणकांवरच्या फायलींना कुणीतरी कुलूप घातले आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी सोडली. तीस तास उत्पादन बंद राहिले. हल्लेखोर बाहेरून, रमीजच्या लॉगिनने आत शिरले होते, एवढे नोंदींवरून स्पष्ट दिसत होते. हा अहवाल आधी मोटारी बनवणाऱ्या बड्या ग्राहक-कंपनीकडे आणि नंतर पोलिसांकडे जाणार होता. दोन्हीकडे नाव जाणार होते ते रमीजचे.

"गणराज, हा माणूस पंधरा दिवस झोपलाच नाही का?"

"म्हणजे?"

"हे बघ. बावीस सप्टेंबरला त्याचं लॉगिन उघडलं. हल्ल्यानंतर वायरी उपसल्या तोवर बंदच झालं नाही. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी, सगळीकडे रमीजच काम करतोय. रविवारीसुद्धा."

"शेअर केलं असेल पोरांनी. म्हणजे त्यानेच दिलं. झालं की तेच!"

"दिलं कुणाला, हे आपल्याला माहीत नाही. आणि तू लिहिलंयस 'बाहेरील व्यक्तीस'."

गणराज खुर्ची ओढून बसला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्याकडे एकाच वेळी चार क्लायंट होते आणि प्रत्येकाला उत्तर कालच हवे असे.

"मॅडम, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"जागा बघायची आहे."

"जागा? अहो, जागा म्हणजे सर्व्हर. तो तुमच्यासमोर आहे. यात ब्रेकचे डाग थोडेच मोजायचेत?"

"अपघाताच्या धंद्यात एक गोष्ट रोज बघितली मी," दीपमाला म्हणाली. "गाडी चालवणाऱ्याकडे लायसन नसतं. मग कागदावर दुसऱ्याच लायसनवाल्याला ड्रायव्हर म्हणून उभा करतात. कागद अगदी चोख असतो. स्टिअरिंगवर कोण होतं, हे मात्र रस्त्याकडेचा टपरीवालाच सांगतो. मी उद्या महाळुंग्याला जाते."

"आणि शुक्रवार?"

"शुक्रवारी मीही असेनच की."

*

देहूरोडच्या घरून ती सकाळी सहा वाजताच स्कूटीवर निघाली. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांची रांग तेव्हाच लागली होती. हा रस्ता तिला गावांच्या नावांपेक्षा दाव्यांवरून अधिक पाठ होता. या वळणावर ट्रॅक्टरची ट्रॉली, त्या पुलाखाली कामावरून परतणारे दोघे, पेट्रोल पंपासमोर शाळेची व्हॅन. तिने वेग वाढवला नाही.

कारखान्याच्या फाटकाबाहेर, सुरक्षारक्षकाच्या केबिनपासून थोड्या अंतरावर तिशीतला एक माणूस उभा होता. अंगात कंत्राटदाराचा निळा गणवेश, पायात सेफ्टी बूट, खांद्याला डबा. आत जाणारे लोक त्याच्याकडे बघून मान हलवत आणि पुढे जात. सात वाजले तसा त्याने फाटकावरच्या घड्याळासह स्वतःचा फोटो काढला.

"रमीज मुलाणी तुम्हीच का?"

"तुम्ही कोण?"

तिने ओळखपत्र दाखवले. ते वाचून त्याचा चेहरा आक्रसला.

"हां. म्हणजे माझं नाव काढणाऱ्या त्या तुम्हीच."

"नाव नोंदीत आहे. मी नोंद काढली."

"एकच झालं ना मॅडम."

"एकच नाही. तेच बघायला आले आहे. तुम्हाला आत घेत नाहीत, मग इथे का उभे?"

"घरी बसलो तर लिहितील, पळून गेला. तोंडी सांगितलंय, 'उद्यापासून येऊ नको.' कागद दिला नाही. मग मी रोज फर्स्ट शिफ्टला येतो, फोटो काढतो, नऊपर्यंत थांबतो. आज नववा दिवस. गैरहजर कसा लिहितात, बघतोच मी."

"लॉगिन तुमच्या नावावर कसं आलं?"

रमीज कडवट हसला. "दीड वर्षापूर्वी मशीन बसवायला इंजिनिअर आला होता. फॉर्मात नाव पाहिजे म्हणाला. त्या दिवशी ड्यूटीला मी होतो. सुट्टीवर असतो तर आज इथे दुसरा कुणी उभा असता. पासवर्ड त्यानेच घातला, लांबलचक. मला आजही पाठ नाही. विचारा आत कुणालाही."

"कुणाला विचारू?"

"दत्तोबाला विचारा. लाईन सुपरवायझर. माणूस चांगला आहे, पण..." त्याने वाक्य तिथेच सोडले. "विचारा तर खरं."

*

दत्तोबांची शेती याच औद्योगिक वसाहतीत गेली होती आणि त्या बदल्यात त्यांना ही नोकरी मिळाली होती. निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. त्यांनी दीपमालाला दोन नंबरच्या प्रेस लाईनपाशी नेले. मशीनला अजून सुकलेला झेंडू लटकत होता.

"खंडेनवमीचा हार," ते म्हणाले. "काडायचा राहिला. लाईन बंद पडली, मंग कुनाला हाराचं ध्यान!"

"पूजेच्या दिवशी मशीन बंद असेल ना?"

"व्हय तर. त्या दिशी हत्याराला हात लावायचा न्हाई. मशीनला इसावा. पॅनेल तेवढं चालू. ते बंद केलं तर परत उटायला पाऊन तास घेतंय. म्हून आमी त्येला कंदीच बंद करत न्हाई."

पॅनेल म्हणजे मशीनशेजारच्या लोखंडी पेटीत बसवलेला संगणक. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांना दुरून दुरुस्ती करता यावी, म्हणून त्यात बाहेरून आत येण्याची एक वाट ठेवलेली होती. दीपमाला वाकून पेटीकडे बघू लागली. पडद्याच्या वरच्या कडेला हळद-कुंकवाची पाच बोटे उठली होती. चार गोल होती. पाचवे अर्धेच होते आणि त्याची खालची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. त्याखाली, वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या जागेत, गोंदाचा पिवळट डाग होता.

तिने बोट न लावता विचारले, "दत्तोबा, इथे काय चिकटवलं होतं?"

शेजारच्या लाईनवरची प्रेस चार वेळा आदळली.

"कागूद व्हता."

"कसला?"

"समदं व्हतं त्यात. बाहेरनं यायचा नंबर, लॉगिन, पासवर्ड. तीन पाळ्यांची मानसं, कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय ते? चुकीचा पडला की पॅनेल लॉक, लाईन थांबली की साहेबांचा फोन. कागूद मीच चिकटवला व्हता, बाई. रमीज न्हाई. रमीज म्हनला व्हता, दत्तोबा, असं उगडं ठिवू नका. मी म्हनलो, इथं कोन चोर येतोय?"

"आणि काढला कुणी?"

"तुमची मानसं येयाच्या आदी साहेबांनी काडाया लावला."

साहेब म्हणजे प्लान्टचे प्रमुख सयाजी जगदाळे. दीपमालाने तो सरळ कडेचा अर्धा टिळा पुन्हा पाहिला. कागद आत, शॉपफ्लोअरवर होता. हल्लेखोर बाहेरून आला होता. मधला दुवा अजून तिच्या हाती नव्हता.

"हे कुंकू कागद असतानाच लावलं ना? कागदावर थोडं, पत्र्यावर थोडं?"

"व्हय. साहेबांनीच लावलं. नारळ बी त्यांनीच फोडला."

"फोटो काढले असतील."

"काडलं की! एचआरची पोरगी मोबाइल घेऊन फिरत व्हती. कंपनीच्या पेजवर टाकलं. माझ्या नातवानं घरी दावलं मला. 'आबा, तुमी दिसताय' म्हनला."

तिने तिथेच उभ्या उभ्या कंपनीचे पान उघडले. फोटो वरच्या बाजूलाच होता. जगदाळे फेटा बांधून, हात जोडून उभे. बाजूला दत्तोबा. मागे झेंडूने सजलेले मशीन, त्याचे पॅनेल आणि त्यावर पाच टिळ्यांखाली पांढरा कागद. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. ठळक मार्करने लिहिलेल्या तीन ओळी, एकेक अक्षर सुटे सुटे, कुणालाही वाचता यावे अशा काळजीने लिहिलेल्या. फोटो एक ऑक्टोबरला दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी टाकला होता. तिने काढलेल्या टाइमलाइनप्रमाणे अनोळखी ठिकाणाहून पहिला प्रवेश त्याच दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी झाला होता. त्याआधीच्या अकरा महिन्यांत मशीनच्या इंजिनिअरांखेरीज बाहेरून कुणीही आले नव्हते.

दत्तोबांनी तिच्या खांद्यावरून पडदा पाहिला. अक्षर त्यांचेच होते.

"आयला," ते हळूच म्हणाले.

फोटो अजून काढलेला नव्हता. कागद काढायचे ज्यांच्या लक्षात आले, त्यांना फोटो सुचला नव्हता.

दीपमालाने पिशवीतून कोरे कागद काढले आणि सतरा वर्षांच्या सवयीने लिहायला बसली. ठिकाण, तारीख, वेळ, काय दिसले, कोणत्या अंतरावरून दिसले. मोबाइलवर फोटो कोणत्या पानावर, किती वाजता पाहिला, तेही. मग कागद दत्तोबांपुढे केला.

"वाचा. जसं आहे तसं असेल तर सही करा. नसेल तर सांगा, बदलते."

"सही कशाला? मी सांगितलं की तोंडानं."

"तोंडचं उद्या कुणी मानणार नाही."

"बाई, जमीन गेली तवा लई सह्या केल्या आमी. तवाधरनं सहीचं नाव काडलं की मी हात मागं घेतो." त्यांनी कागद दूर धरून वाचला. "आन् ह्यात तर मीच गावतोय."

"हो," ती म्हणाली. खोटा दिलासा देण्याची तिची पद्धत नव्हती. "तुमचं नाव आलं की त्रास होऊ शकतो. नाव न घालता 'लाईनवरील एकाने' असं लिहिता येईल. पण मग ते म्हणतील, तो एक म्हणजे रमीजच."

दत्तोबांनी टोपी काढली, कपाळ पुसले आणि टोपी पुन्हा घातली.

"नाव ल्हिवा. पर हे बी ल्हिवा, माझ्याच शब्दांत. तीन पाळ्यांना एकच चावी दिली, तर ती खुंटीलाच टांगावी लागती."

तिने ते जसेच्या तसे लिहिले. त्यांनी सही केली, हळू, प्रत्येक अक्षर जोडून.

*

संध्याकाळी तिचा नवरा ज्ञानेश दारूगोळा कारखान्यातून आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून शेवटचे पान नव्याने लिहीत होती. त्याने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे उद्या पुन्हा घरी?"

"बहुतेक."

"बरं. मग येताना दळण घेऊन ये. घरी राहणारच असशील तर गव्हाचं मी बघायचं कारण नाही."

ती हसली. "भीती नाही वाटत तुला?"

"वाटते की. हप्ता मी एकटा कसा भरणार, हे माझं मघाशीच मनात मांडून झालंय. पण गेल्या वेळी ते दारूचं वाक्य तू लिहिलं असतंस, तर आज माझ्यासमोर बसलेली बाई मला आवडली नसती. तेही मांडून झालंय."

*

शुक्रवारी अकरा वाजता कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत तिघेच होते. जगदाळे, गणराज आणि दीपमाला. गणराजने सकाळीच तिचे पान वाचले होते. येताना गाडीत तो फक्त एवढेच म्हणाला, "मॅडम, तुम्ही प्रोबेशनवर आहात, हे मला बोलायला लावू नका." ती म्हणाली, "मग नको बोलूस."

जगदाळ्यांनी पान वाचले आणि ते टेबलावर पालथे ठेवले.

"सरवदे मॅडम, आम्हाला मूळ कारण पाहिजे. ही कहाणी कुणी मागितली?"

"मूळ कारणच आहे, सर. एक लॉगिन तीन पाळ्यांना. ते पॅनेलवर चिकटवलेलं. त्याचा फोटो कंपनीच्या पानावर. साडेतीन तासांत माणूस आत."

"आमच्या पूजेमुळे हल्ला झाला, असं लिहून देऊ मी ग्राहकाला?"

"पूजेमुळे नाही झाला. पूजा दरवर्षी होते. फोटोमुळे झाला."

"फोटो आहे म्हणून रमीज सुटतो का? कशावरून त्याने पासवर्ड दिला नाही?"

"कशावरून दिला, हे आधीच्या अहवालाने दाखवायला हवं. त्यात एकही ओळ नाही. माझ्या अहवालाला फोटो आहे, वेळ आहे, पॅनेलवरचा अर्धा टिळा आहे, आणि कागद ज्याने चिकटवला त्याची सही आहे."

"दत्तोबाची? तीन वर्षं राहिलीत त्याची."

"म्हणूनच त्या सहीला वजन आहे, सर."

जगदाळे गणराजकडे वळले. "तुमच्याकडे दुसरं कोणी सही करणारं नाही का? तुम्ही करा. टीम लीडर तुम्ही आहात."

दीपमालाने गणराजकडे मुद्दाम पाहिले नाही. ती शांतपणे म्हणाली, "करू शकतो तो. पण मी काल संध्याकाळी आमच्या कार्यालयाला आणि तुमच्या मुख्य कार्यालयाला मेल केली आहे. टाइमलाइन माझी आहे आणि त्यातून हा निष्कर्ष निघत नाही, एवढंच तीत लिहिलंय. जो कोणी सही करेल, त्याला आधी त्या मेलचं उत्तर द्यावं लागेल."

"धमकी देताय?"

"लिहून दिलंय. धमकी लिहून देत नाहीत."

गणराजने मोबाइल पुढे सरकवला, त्यावर तोच फोटो मोठा केलेला होता. "सर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अपेक्षेपेक्षा लहान निघाला, "सहीचं नंतर बघू. हा फोटो अजून लाइव्ह आहे. पासवर्ड बदललाय, पण... ग्राहकाचं ऑडिट आलं आणि त्यांनी पाहिला तर?"

जगदाळ्यांनी फोटोकडे पाहिले. स्वतःचा फेटा, जोडलेले हात, मागचा कागद. त्यांनी झटक्यात टेबलावरचा फोन उचलला. "एचआरला द्या. हां, खंडेनवमीची ती पोस्ट काढा. आत्ता. का म्हणजे काय? काढा म्हटलं ना!"

दीपमालाने पेन उघडले.

"काढा, सर. काढायलाच हवी. फक्त कुणाच्या सांगण्यावरून आणि किती वाजता काढली, ते मी नोंदवते. अकरा बावीस."

त्यांनी फोन ठेवला. पोस्टमध्ये धोका नव्हता, तर ती इतक्या घाईने का काढली, या प्रश्नाचे उत्तर आपण नुकतेच दोन साक्षीदारांसमोर दिले, हे त्यांच्या लक्षात यायला काही क्षण लागले. रागाने लाल झालेला त्यांचा चेहरा हळूहळू थकल्यासारखा दिसू लागला. तीस तास बंद पडलेल्या लाईनचे उत्तर त्यांनाही वर कुणाला तरी द्यायचे होते.

"तुमचा अहवाल ठेवून जा," ते म्हणाले. "दत्तोबाचं नाव..."

"दत्तोबांचं नाव राहील. त्यांचं वाक्यही राहील."

"ठीक आहे. ठेवा."

तिने पान सरळ केले आणि त्यांच्यासमोरच सही केली. गणराजने न विचारता आपली सही तिच्या सहीखाली केली.

पुढच्या आठवड्यात तिला पत्र आले. तिच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केले होते आणि प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवले होते. तिने पत्र वाचून खणात टाकले, आणि पुढच्या क्लायंटच्या कामाआधी जागा पाहण्याची परवानगी मागणारा अर्ज लिहिला.

त्याच आठवड्यात सोमवारी रमीजला आत बोलावले. दत्तोबांना ताकीद मिळाली होती. ती लेखी होती आणि त्यांनी तिच्यावर 'मान्य नाही' असे लिहून सही केली होती. हे दोन्ही दीपमालाला रमीजच्या फोनवरून कळले. फोनवर मागे शेजारच्या लाईनवरच्या प्रेसचे आदळणे ऐकू येत होते.

"मॅडम, मी पॅनेलसमोर उभा आहे. साहेब म्हणतात, नवीन पासवर्ड आलाय, तुझ्याच नावावर आहे, चालू कर."

"मग?"

"मी म्हटलं, नाही करत. प्रत्येकाला आपापलं लॉगिन द्या, मग हात लावतो."

"लाईन थांबलीये?"

"वीस मिनिटं झाली. साहेब ओरडतायत." मागून दत्तोबांचा आवाज आला, "सांग त्येस्नी, माजं बी नाव घाला म्हनावं, येगळं!" रमीज पुन्हा फोनवर आला. "थांबू ना मॅडम?"

"माझ्या परवानगीची गरज आहे का तुम्हाला?"

"नाही," रमीज म्हणाला. "गरज नाही." आणि त्याने फोन ठेवला.